अपुरं वाक्य

माझं ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर आहे. दुकानाच्या पाटीवर दोन भलेमोठे डोळे रंगवलेले, आणि त्यांच्या खाली, अश्रू ओघळावा तशी माझी लहानशी पाटी : 'खासगी तपास'. त्यामुळे जिना चढून येणारे निम्मे लोक नंबर काढायला आलेले असतात. उरलेल्यांची नजर उत्तम असते, म्हणून तर ते येतात. नवऱ्याच्या कॉलरवर त्यांना काहीतरी दिसलेलं असतं. खून माझ्याकडे येत नाहीत. खून झाला की लोक पोलिसांकडे जातात, आणि याबद्दल मला पोलिसांचा कधी हेवा वाटलेला नाही.

म्हणून ती बाई दारात उभी राहिली तेव्हा मी सवयीनं म्हणालो, "नंबर काढायचा असेल तर खाली."

"माझ्या मामानं खून केला म्हणतायत," ती म्हणाली.

मग मी खुर्चीवरचे पेपर उचलले आणि तिला बसायला जागा केली.

"कुठला मामा?"

"त्या पेपरातलाच," ती माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे बघत म्हणाली.

खरंच होतं. गेला आठवडाभर पेपरात दुसरं काही नव्हतं. कप्तान गच्चीवरून पडून गेले होते. हे कप्तान म्हणजे आमच्या शहराचं शौर्य. शहराकडे तेवढं एकच होतं. युद्धात डोंगरावरचं एक ठाणं त्यांनी एकट्यानं राखलं, सगळे पांगले तरी सोडलं नाही, म्हणून त्यांना पदक मिळालं. नागरिक समितीनं त्यांना चौथ्या मजल्यावरचं घर दिलं, आणि आता चौकात पुतळाही बसणार होता. माणूस हयात असताना पुतळा बसवू नये असं जाणते सांगतात. या वेळी ती अडचण ऐनवेळी दूर झाली होती.

त्यांच्या खुनाचा आरोप ज्याच्यावर होता तो त्यांच्याच पलटणीतला साधा शिपाई. युद्धातून परतला तो उजव्या हाताची दोन बोटं कमी घेऊन. पुढे त्याच इमारतीच्या फाटकावर वॉचमन झाला. साहेब चौथ्या मजल्यावर, शिपाई फाटकावर. वर जाताना साहेब त्याच्याकडे बघत नसत आणि तो साहेबांना रोज सलाम ठोकत असे. पोलिसांनी यातून हेतू काढला होता : मत्सर.

"अहो, सगळ्यांनी मिळून माझ्या मामाचा मामा केलाय," भाची म्हणाली. मग स्वतःच्याच बोलण्याचं तिला हसू आलं आणि त्यापाठोपाठ रडू. "जन्मठेप होईल म्हणतात. आता त्याचा जन्म तो कितीसा उरलाय? पण जो काही आहे तो आमच्या घरी काढायचा होता हो त्याला. पुढच्या महिन्यात नोकरी सोडणार होता. मागची खोली रंगवून ठेवलीय मी."

"कबुली दिलीय त्यांनी, असं छापून आलंय."

"तो एवढं बोलतच नाही. आई गेल्यावर त्यानंच मला वाढवलं. शाळेत जाताना वेणी घालायचा, त्या तीन बोटांनी. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत वेणी मोकळी. मी रडत परत यायचे, तर म्हणायचा, 'मी नाही सोडली, सुटली.' बस, एवढंच. पुन्हा घालायचा. आणि हा माणूस पोलिसांपुढं भाषण ठोकणार होय?"

वेणीची गोष्ट मी ऐकून घेतली आणि सोडून दिली. तपास करणाऱ्याला नेहमी भलत्याच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. मी त्या वेळी मनात गच्चीचा कठडा किती उंच असेल याचा विचार करत होतो.

मामांना भेटलो ते कोठडीच्या जाळीतून. उजवा हात गळ्यात बांधलेला. मान ताठ. मला बघून उठून उभे राहिले, जसे काही मीच वयानं मोठा.

"कशानं भांडण झालं, मामा?"

"भांडण नाही."

"मग गच्चीवर काय करत होता?"

"साहेब वर गेले, म्हणून मी गेलो."

"आणि?"

"मी जे केलं ते सांगितलंय. साहेबांनी काय केलं ते साहेबांना विचारा."

"ते वारले."

"मग राहिलं," मामा म्हणाले.

"खांदा काय झालाय?"

"निखळला होता. डॉक्टरांनी बसवला. छातीलाही मार आहे, कठड्याचा." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. वाटेल तितकी चौकशी करा, पण माणूस जीभ कधी चावतो तेवढं बघा, हे माझ्या धंद्याचं सगळं शास्त्र. धक्का देणाऱ्याचा खांदा निखळत नाही. खांदा निखळतो तो ओढणाऱ्याचा.

इमारतीसमोर एक लाँड्री आहे. तिथल्या काकू म्हणजे सरकार पक्षाच्या मुख्य साक्षीदार. मी माझा एकुलता एक कोट इस्त्रीला घेऊन गेलो.

"मी सगळं ऐकलंय बाबा," काकू म्हणाल्या. त्यांची इस्त्री आणि जीभ दोन्ही एकाच वेगानं चालत. "दुपारची वेळ, रस्त्याला चिटपाखरू नाही. आणि वरनं कप्तानसाहेबांचा आवाज : 'सोड मला! अरे सोड! सोड म्हणतो ना!' आणि हा मेला काय म्हणतो, 'नाही सोडणार!' माझ्या अंगावर काटा आला. मग धाडकन आवाज. किती गयावया करत होते हो! पण सोडलं नाही त्या कसायानं."

"ऐकलंत. आणि पाहिलंत काय?"

"ते कुणी विचारलंच नाही," काकू म्हणाल्या. "फौजदार म्हणाले, काय ऐकलं तेवढंच सांगा, फाटे फोडू नका."

"मी विचारतोय. फोडा फाटे."

"आवाज आला तशी मी मान वर केली. तर साहेबांचे पाय दिसले."

"कुठं?"

"हवेत. कठड्याच्या बाहेर. लोंबकळत होते की. वरनं यानं हात धरलेला."

"तेव्हा ओरडत होते, 'सोड'?"

"तेव्हाच तर."

"काकू," मी म्हणालो, "तुम्ही गच्चीवरून लोंबकळताय असं समजा."

"मी कशाला लोंबकळू? तुमचा कोट लोंबकळवा."

"समजा हो. वरून कुणीतरी हात धरलाय. तुम्ही काय ओरडाल?"

"धर म्हणेन. धर रे बाबा, घट्ट धर!"

त्या एवढं म्हणाल्या आणि इस्त्री जागच्या जागी थांबली. माझ्या कोटाच्या डाव्या बाहीवर अजून तिचा ठसा आहे. काकूंनी त्याची भरपाई देऊ केली नाही आणि मी मागितली नाही. जळका वास सुटला तेव्हा आम्हा दोघांनाही दुसरंच काहीतरी जळल्यासारखं वाटत होतं.

"अगं बाई," काकू पुटपुटल्या. "म्हणजे साहेबच..."

मी म्हटलं, "हे अजून कुणाला बोलू नका." त्यांच्या बाबतीत ही विनंती म्हणजे पावसाला थांब म्हणण्यासारखी, पण त्यांनी ती पाळली. लाज वाटली की माणसं गप्प बसतात.

आता राहिली कबुली. पोलीस ठाण्यातले लेखनिक हे गृहस्थ भाषेचे मोठे अभिमानी. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर आरोपीपेक्षा त्यांनाच जास्त शरम वाटे. त्यांच्या टेबलावर सगळं काटकोनात. मी त्यांच्या अक्षराचं कौतुक केलं, ते खरोखरच सुरेख होतं, आणि मग त्यांनी आपण होऊन मामांचा जबाब वाचून दाखवला : "'सदर इसमास मी अखेरपर्यंत जिवंत सोडले नाही.'"

"हे असंच्या असं बोलले मामा?"

"छे हो! तो कसला बोलतोय. तो म्हणाला, 'साहेबांना मी शेवटपर्यंत सोडलं नाही.' आता सांगा, हे वाक्य आहे का? सोडलं नाही म्हणजे काय सोडलं नाही? कसं सोडलं नाही? अपुरं वाक्य मी सरकारी कागदावर जाऊ देत नाही. 'जिवंत' घातलं. लगेच अर्थ भरला."

"भरला खरा," मी म्हणालो. "आणि एवढंच बोलले?"

"पुढं एक शब्द होता, पण तो मी गाळला. विसंगत होता. आधी म्हणतो, 'सोडलं नाही', आणि मग म्हणतो, 'सुटले'. दोन्ही कसं खरं असेल? सोडलं नाही तर सुटले कसे? जबाबात विसंगती राहिली की वकील लोक त्यात बोट घालतात. त्याच्याच भल्यासाठी गाळला."

मी त्यांचे आभार मानून बाहेर आलो आणि ठाण्याच्या पायरीवरच बसलो. 'मी नाही सोडली, सुटली.' गल्लीच्या टोकाला मोकळी झालेली वेणी आता कुठे माझ्या डोक्यात शिरली. तीन बोटांचा हात. सगळा जबाब दोन शब्दांचा होता. एकात लेखनिकांनी भर घातली आणि दुसरा काढून टाकला. माणूस गुन्हेगार व्हायला तेवढं पुरलं.

पण कप्तानांना मरायचं का होतं? चार दिवसांवर पुतळ्याचं अनावरण आलेलं, आणि माणूस कठडा ओलांडतो?

बाईसाहेबांनी, म्हणजे कप्तानांच्या पत्नीनं, दार स्वतः उघडलं. बैठकीत पदकाची काचेची पेटी. तिच्यावर धूळ नव्हती. बाकी सगळ्यावर होती.

"तुम्हाला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, म्हणाल्या. "लाँड्रीवाल्या बाई परवापासून माझ्याकडे बघत नाहीत. आधी सारख्या बघायच्या."

"तुम्ही घरात होता."

"स्वयंपाकघरात. भाजी चिरत होते. खिडकीत बूट दिसले." त्यांनी पेटीकडे पाहिलं. "चकचकीत. सकाळी बसून स्वतः पॉलिश केले होते त्यांनी. मला वाटलं, सोहळ्याची तयारी."

"मग तुम्ही काय केलंत?"

"खिडकी लावली."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"ते ओरडत होते ना," बाईसाहेब म्हणाल्या. "शेजारी ऐकतील म्हणून. एवढी वर्षं तेच करत आलेय मी. झोपेत ओरडायचे तेव्हाही आधी उठून खिडकी लावायची. 'मी सोडलं, मी सोडलं' असं ओरडायचे. ठाणं त्यांनी सोडलं होतं, समजलं? पहिल्या गोळीला. तिथं राहिला तो खाली फाटकावर बसतो तो. दोन बोटं तिथं ठेवून आला. पदक मात्र यांना मिळालं, कारण अहवाल लिहायचा अधिकार यांचा होता. आणि त्या माणसानं कधी चकार शब्द काढला नाही. रोज सलाम! त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर हे जगले असते."

"हे कोर्टात सांगाल?"

त्यांनी खोलीकडे एकदा नजर फिरवली. भिंती, छत, पेटी. "हे घर शौर्याबद्दल मिळालंय," त्या म्हणाल्या. "पळण्याबद्दल घर देणारी समिती अजून निघालेली नाही. या वयात मी कुठं जाऊ?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "खांदा कसाय त्यांचा?"

मी कोठडीत जाऊन मामांना सगळं सांगितलं. माझ्या हुशारीवर खूश होतो मी. लोंबकळणारा माणूस 'सोड' म्हणत नाही हे मी दोनदा सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकलं.

"काकूंना कोर्टात पायांचं विचारायचं नाही," ते म्हणाले.

"अहो, तुमची सुटका त्या पायांवरच आहे!"

"साहेब उडी मारत होते हे बाहेर आलं की का मारत होते हे येणार. मग बाईसाहेबांचं घर जाणार."

"आणि तुमचं?"

"माझं घर नाहीच. भाचीकडची एक खोली आहे." मग, "तिनं रंग दिलाय म्हणे."

"तिच्यासाठी तरी बोला, मामा. काय करायचं त्या पोरीनं रंगवलेल्या खोलीचं?"

पहिल्यांदाच त्यांची मान जराशी खाली गेली. "मी त्यांना धरलं होतं," ते म्हणाले. "वर ओढत होतो. ते म्हणत होते सोड, मी म्हणत होतो नाही सोडणार. आता मेल्यावर सोडू? आता तर काही जोरही लावायचा नाहीये. नुसतं गप्प राहायचंय."

खासगी तपासाची फी घेणाऱ्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत.

मग वकिलानं जे उरलं त्यावर भागवलं. लेखनिकांना साक्षीला बोलावलं. त्यांनी ताठ मानेनं सांगितलं, होय, 'जिवंत' हा शब्द माझा; होय, 'सुटले' मी गाळलं; आणि न्यायाधीशांनाही त्यांच्या एका वाक्यातला कर्मणी प्रयोग सुधारून दिला. डॉक्टरांनी खांदा आणि छाती यांबद्दल सांगितलं. काकूंना कुणी पायांचं विचारलं नाही. त्या पिंजऱ्यात पदराचं टोक पिळत उभ्या राहिल्या आणि उतरल्या. निकालपत्रात आलं की कप्तान बहुधा तोल जाऊन पडले, आरोपीनं त्यांना ढकललं की धरलं हे निश्चित सांगता येत नाही, म्हणून संशयाचा फायदा देऊन मुक्त करण्यात येत आहे.

फायदा मामांना मिळाला. संशय शेजाऱ्यांना.

मामा भाचीकडे राहायला गेले. मागच्या खोलीला फिकट निळा रंग होता आणि खिडकीला नवा पडदा. ते ओट्यावर बसले की आजूबाजूच्या आया पोरांना हाका मारून घरात घेत. भाचीचा नवरा भला माणूस, तो एवढंच म्हणाला, "मामा, थोडे दिवस मागच्याच दारानं ये-जा केली तर?" मामा म्हणाले, "हो, तेच दार जवळ पडतं." भाची माझ्याकडे येऊन फी देऊन गेली. तिची वेणी घट्ट होती. "तुम्ही त्याला सोडवलंत," ती म्हणाली. आभार मानत होती की तक्रार करत होती हे मला अजून कळलेलं नाही.

पुतळ्याचा सोहळा लांबला होता तो शेवटी झाला. मामा, भाची आणि मी गर्दीच्या मागं उभे होतो. मामांना यायचंच होतं. पडदा ओढला. कप्तान एक पाय पुढे टाकून डोंगराकडे बोट दाखवत उभे. बोटं पाचही. मूर्तिकारानं बूट फार सुंदर घडवले होते. व्यासपीठावर बाईसाहेबांनी बुटांकडे पाहिलं आणि मग हातातल्या रुमालाची घडी मोडून पुन्हा घातली.

खालच्या शिळेवरचा मजकूर लेखनिकांनी लिहून दिला होता. भाषेसाठी शहरात दुसरा माणूस नाही. ठसठशीत अक्षरात कोरलं होतं : 'अखेरपर्यंत सोडले नाही.'

मी ते वाचलं. शेजारी मामाही ओठ हलवत वाचत होते.

"वाक्य अपुरं आहे," मी म्हणालो.

"बरोबर आहे," मामा म्हणाले. "फक्त जागा चुकलीय."

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं वळून पाहिलं, बायकोला कोपरानं ढोसलं आणि आवाज खाली न आणता म्हणाला, "तोच ना तो? बघ, सुटला थेरडा."

भाची तोंड उघडून पुढे झाली. मामांनी आपल्या तीन बोटांनी तिचं मनगट धरलं. या वेळी पकड पक्की होती. ती हलूच शकली नाही.

"जाऊ दे गं," ते म्हणाले. "त्याची ऐकण्यात चूक झालीय. सुटले ते साहेब."